इंजिनाचे बळ आणि गाडीचा तोल

कामगार संघटनेत सारी उमर घालवलेल्या माणसाने वेगवान मोटारींवर व्याख्यान द्यावे, हे ऐकून काही मंडळींना हसू आले असेल. पगारवाढ, बोनस, रजा आणि अपघाताची भरपाई हे आमचे नेहमीचे विषय. परंतु आजचा विषयही आमच्याकडे त्याच वाटेने आला. गेल्या दिवाळीच्या आधी शिरोलीच्या एका कारखान्यातला तरुण टर्नर आमच्याकडे एक कागद घेऊन आला. कामगारांच्या पतसंस्थेतून त्याला दीड लाख रुपये कर्ज हवे होते आणि जामीन म्हणून आमची सही हवी होती. कर्ज कशासाठी, असे आम्ही विचारले. तो जरा लाजला आणि म्हणाला, "आण्णा, गाडीला टर्बो बसवायचा हाय."

गाडी बाराशे सीसीची, साधी पेट्रोलची, जुनी विकत घेतलेली. पोराचे लग्न होऊन वर्ष झाले होते. आम्ही लगेच सही केली नाही आणि कागद परतही केला नाही. वेगाची हौस हा काही गुन्हा नव्हे. राजाराम महाराजांची मेबॅक गाडी पाहायला दसऱ्याला ज्या गावात गर्दी लोटते, आणि ज्या गावाचे ध्रुव मोहिते आणि कृष्णराज महाडिक यांच्यासारखे तरुण शर्यतीच्या मैदानात उतरतात, त्या गावच्या पोराला वेगाचे वेड नको, असे सांगणारे आम्ही कोण? आम्ही त्याला एवढेच म्हणालो, "रविवारी पन्हाळ्यावर ये. आधी बोलू, मग सहीचे बघू." त्यानंतरच्या तीन रविवारी जे बोलणे झाले, तेच आज श्रोत्यांपुढे मांडतो.

आमचे शिक्षण कोणत्याही इंजिनिअरिंग कॉलेजात झालेले नाही. ते कोल्हापूरच्या उद्यमनगरात, लेथच्या शेजारी उभे राहून आणि रात्री पुस्तके चाळून झाले. त्याचा आम्हांला कमीपणा वाटत नाही. म्हादबा मेस्त्री आणि वाय. पी. पोवार ही नावे ज्या यंत्रउद्योगाच्या आरंभाशी जोडलेली आहेत, तो उद्योग मुळात हाताने शिकलेल्या माणसांनीच उभा केला. ऊस-भाताला पाणी पाजणारी ऑइल इंजिने याच परिसरात घडली. म्हणून इंजिनाची गोष्ट आम्ही त्या ऑइल इंजिनापासूनच सुरू करतो.

जुन्या शेतकऱ्यांना 'लिस्टर' आणि 'पीटर' या दोन जाती आठवत असतील. लिस्टर धिमे, मिनिटाला साडेसहाशे फेरे घेणारे, सहा अश्वशक्तीचे. पीटर चपळ, पंधराशे फेरे घेणारे, पाच अश्वशक्तीचे. ताकद जवळजवळ सारखी, पण स्वभाव अगदी निराळा. याचे कारण असे की, अश्वशक्ती ही दोन गोष्टींच्या गुणाकारातून येते. एक म्हणजे दांड्याला पीळ देण्याचा जोर, ज्याला टॉर्क म्हणतात. दुसरी म्हणजे फेऱ्यांची संख्या. किलोग्रॅम-मीटरमधल्या टॉर्कला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणावे आणि ७१६ ने भागावे, म्हणजे अश्वशक्ती मिळते. लिस्टरचा पीळ साडेसहा किलोग्रॅम-मीटरच्या वर जातो, तर पीटरचा अडीचच्याही आत राहतो. एक जोराने काम करतो, दुसरा घाईने.

आता मोटारीकडे वळू. एखाद्या लहान गाडीचे इंजिन ३००० फेऱ्यांना १२ किलोग्रॅम-मीटर टॉर्क देत असेल, तर तेथे तिची ताकद सुमारे ५० अश्वशक्ती झाली. तोच टॉर्क ६००० फेऱ्यांपर्यंत टिकला, तर ताकद सुमारे १०० होईल. जाहिरातीत छापतात तो हा १०० चा आकडा. पण ६००० फेऱ्यांवर आपण गाडी किती वेळ चालवतो? वाघबिळापासून गडापर्यंतचा रस्ता आठवावा. वळण आले की वेग कमी, गिअर दुसरा, वळण सुटले की पुन्हा जोर. काटा बहुतेक वेळ दोन ते चार हजारांच्या दरम्यान फिरतो. तेथे जो जोर मिळतो, त्यालाच आपले लोक 'पिकअप' म्हणतात. म्हणून आमचा त्या टर्नरला पहिला प्रश्न हाच होता: तुला कागदावरचा आकडा वाढवायचा आहे, की वळणातून बाहेर पडतानाचा जोर? दोन्हींसाठी लागणारे सामान निराळे आहे, आणि पुष्कळदा एक मिळवताना दुसरे हातचे जाते. शर्यतीचा कॅमशाफ्ट बसवला की झडपा अधिक वेळ उघड्या राहतात. वरच्या फेऱ्यांत इंजिन मोकळा श्वास घेते, पण खालच्या फेऱ्यांत भरलेली हवा थोडी परत निसटते आणि गाडी मरगळते. मैदानावर हे चालते, कारण तेथे काटा खाली येतच नाही. बाजारपेठेत आणि घाटात तीच गाडी धक्के देत चालते.

इंजिन पेट्रोलवर चालते असे आपण म्हणतो, पण खरे पाहता ते हवेवर चालते. पेट्रोल हवे तेवढे ओतता येते, अडचण असते ती ते जाळणारी हवा आत घेण्याची. समुद्रसपाटीपासून पन्हाळा सुमारे ९५० मीटर उंच आहे. एवढ्या उंचीवर हवा समुद्रकाठच्या मानाने सुमारे नऊ टक्के विरळ असते. साध्या इंजिनाची ताकद जवळजवळ तेवढीच घटते. रत्नागिरीला चपळ वाटलेली गाडी गडावर किंचित जड का वाटते, त्याचे हे एक कारण. ताकद वाढवण्याच्या सगळ्या युक्त्या अखेर एकाच हेतूच्या आहेत: अधिक हवा आत घ्यावी, ती योग्य पेट्रोलाबरोबर योग्य क्षणी जाळावी आणि धूर लवकर बाहेर काढावा.

या युक्त्यांचा क्रम लावण्याआधी आमच्या धंद्यातला एक अनुभव सांगतो. फाउंड्रीत साचे करण्याचे यंत्र नवे आणले आणि त्याचा वेग दीडपट केला, म्हणजे कारखान्याचे उत्पादन दीडपट होत नाही. ओतकामाची भट्टी तीच, फेटलिंगची माणसे तीच. माल त्यांच्यापुढे साचतो, घाई होते आणि कोणाचा तरी हात जातो. अशा प्रसंगी वाटाघाटीला बसून आम्ही व्यवस्थापनाला एकच विचारत आलो आहोत: पुढच्या माणसाची सोय केली का? मोटारीलाही हाच प्रश्न विचारावा. इंजिनाचा जोर वाढवला, तर पुढे क्लच आहे, गिअरबॉक्स आहे, टायर आहेत आणि सर्वांत शेवटी ब्रेक आहेत. त्यांची सोय केली का?

हा प्रश्न केवळ तोंडाने विचारण्याचा नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या एका सभासदाच्या मुलाने गाडीच्या इंजिनाचा जोर बराच वाढवून घेतला. ब्रेक मात्र जुनेच ठेवले. रात्री गडावरून उतरताना खालच्या वळणांवर पेडल पायाखाली मऊ पडले. त्याने सावधगिरीने गाडी डोंगराच्या बाजूला घातली, म्हणून जीव वाचला. पण उजवे मनगट मोडले. पोरगा लेथवर काम करणारा. आठ महिने त्याला काम करता आले नाही, आणि मनगटात पूर्वीची सफाई आजही नाही. त्याच्या घरी आम्ही जितक्या वेळा गेलो, तितक्या वेळा आम्हांला वाटले की हे गणित आपण या पोरांना वेळेवर समजावून सांगायला हवे होते.

ते गणित सोपे आहे. माणसांसह हजार किलोची गाडी घाटात ३०० मीटर खाली उतरली असे धरू. उंचीवरून उतरताना जी ऊर्जा सुटते, ती कोठेतरी उष्णता होऊन जावी लागते. ती सगळी ब्रेकच्या दहा किलो लोखंडात साठली, तर ते लोखंड सहाशे अंशांहून अधिक तापेल. प्रत्यक्षात वारा ते थंड करतो आणि गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर इंजिनही बराच भार उचलते. पण जो चौथ्या गिअरमध्ये, सारखा ब्रेक दाबत आणि प्रत्येक वळणाआधी वेग घेत उतरतो, त्याच्या तबकड्या काय सोसत असतील याचा अंदाज भट्टीवर काम केलेल्या माणसाला लगेच येईल. त्यात ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. चांगले डॉट-४ प्रतीचे ताजे ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषलेल्या त्याच ऑइलाची हमी १५५ अंशांपर्यंत खाली येते. ऑइल उकळले की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल मऊ पडते. शिवाय गाडीची धावण्याची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी ६० वरून ८५ किलोमीटरवर गेलो, म्हणजे ती ऊर्जा दुप्पट झाली.

म्हणून आमच्या मते खर्चाचा क्रम असा असावा.

सर्वांत आधी इंजिनाची प्रकृती. प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. चारही आकडे जवळजवळ सारखे हवेत. एक जरी फार खाली असेल, तर रिंग, झडप किंवा गॅस्केट यांपैकी काहीतरी गळते आहे. अशा इंजिनावर नवे सामान चढवणे म्हणजे पडक्या भिंतीवर मजला बांधणे होय. स्पार्क प्लग, एअर फिल्टर, इंजेक्टर, इंजिन ऑइल, कूलंट, रेडिएटर आणि पट्टा असेल तर टायमिंग बेल्ट, हे सर्व वेळेवर बदललेले किंवा साफ केलेले असावे. थकलेल्या गाडीची हरवलेली ताकद पुष्कळदा एवढ्यानेच परत येते. पन्हाळकरांना हे अंबरखान्याच्या उदाहरणाने पटेल. शत्रूला तट आणि बुरूज दिसतात, पण १६६० च्या सिद्दी जौहरच्या वेढ्यासारख्या प्रसंगी गड तग धरतो तो कोठारातल्या धान्यावर. इंजिनाचे कोठार म्हणजे त्याचे ऑइल आणि त्याचे पाणी.

दुसरे, टायर आणि ब्रेक. चांगले टायर, चांगल्या प्रतीचे पॅड, सपाट तबकड्या आणि ताजे ब्रेक ऑइल यांनी अश्वशक्ती एकानेही वाढत नाही, पण असलेली अश्वशक्ती वापरता येते. वळणात गाडी जेवढा विश्वास देते, तेवढाच माणूस जोर लावतो.

तिसरे, श्वास आणि सायलेन्सर. येथे लोकांची सर्वांत अधिक फसवणूक होते. मोठा आवाज म्हणजे मोठी ताकद, असा समज आहे. आजच्या साध्या गाडीत कारखान्याने बसवलेली हवेची वाट फारशी अरुंद नसते. नुसता फिल्टर आणि सायलेन्सर बदलून मिळणारा फायदा थोडा, आणि गडावरच्या आजारी माणसाला होणारा त्रास मोठा. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला, तर त्या गॅरेजची पायरी उतरावी.

चौथे, संगणकातला बदल, ज्याला 'रिमॅप' म्हणतात. इंजिनाचा संगणक किती पेट्रोल सोडायचे, ठिणगी केव्हा टाकायची आणि टर्बो असेल तर दाब किती ठेवायचा, हे ठरवतो. गाडीत मुळातच टर्बो असेल, तर दाब वाढवून थोड्या खर्चात बराच जोर मिळतो. टर्बो नसेल, तर वाढवायला दाबच नसतो, म्हणून फायदाही किरकोळ. एकच 'फाइल' सर्व गाड्यांत भरणाऱ्यापेक्षा जो आधी आणि नंतर त्याच डायनोवर गाडी मोजतो, त्याच्याकडे जावे. आलेखातला सर्वांत उंच बिंदू पाहू नये. दोन ते चार हजार फेऱ्यांमधली रेषा किती उचलली गेली, ते पाहावे. क्लच घसरू लागला, तर वाढलेला जोर चाकांपर्यंत पोचण्याऐवजी प्लेट जाळतो.

शेवटी, हेड उतरवून करायची कामे, कॅमशाफ्ट, वाढीव कॉम्प्रेशन आणि साध्या इंजिनाला बाहेरून टर्बो. टर्बो म्हणजे बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा आणि आत हवा कोंबणारा पंखा. कल्पना सुरेख आहे. पण हवा कोंबली की ती तापते, म्हणून इंटरकूलर हवा. हवा वाढली की पेट्रोल वाढवावे लागते, म्हणून मोठे इंजेक्टर आणि पंप हवा. जोर वाढला की पिस्टन, कनेक्टिंग रॉड, बेअरिंग आणि गॅस्केट यांच्यावरचा भार वाढतो. दीड लाखांचा टर्बो ही त्या साखळीतली पहिली कडी असते. बाकीच्या कड्यांचे बिल नंतर येते.

पिस्टनाबद्दल कोल्हापूरकरांना निराळे सांगायला नको. मेनन पिस्टन्सचा कारखाना शिरोलीला आहे, बेअरिंगे गोकुळ शिरगावला बनतात. पिस्टन अॅल्युमिनिअमच्या मिश्रधातूचा असतो. शुद्ध अॅल्युमिनिअम ६६० अंशांना वितळते, आणि सिलिंडरात जळणाऱ्या वायूचे तापमान २००० अंशांच्या वर जाते. तरी पिस्टन वितळत नाही, कारण ती आग क्षणभराची असते, खालून ऑइल आणि बाजूने पाणी उष्णता ओढून नेते, आणि धातूला चिकटलेला वायूचा पातळ थर त्याचे रक्षण करतो. पण ठिणगीने लागलेली आग पोचण्याआधीच उरलेले मिश्रण दाबाने आपोआप भडकले, तर दाबाच्या लाटा उठून हा थर मोडतात. यालाच नॉकिंग म्हणतात. खडे वाजल्यासारखा जो आवाज येतो, तो पिस्टनाचा आक्रोश समजावा. कॉम्प्रेशन आणि टर्बोचा दाब वाढवणारा प्रत्येक जण या संकटाच्या जवळ जातो. घडाईचे पिस्टन ओतीव पिस्टनांपेक्षा मजबूत असतात, हे खरे. पण त्यांतले पुष्कळसे तापल्यावर अधिक फुगतात, म्हणून त्यांना सिलिंडरात मोकळीक जास्त ठेवावी लागते, आणि थंड इंजिन खडखडते. रोज सकाळी पाळीवर जाणाऱ्या गाडीला हे सुखाचे नाही.

आपल्या उसाचाही येथे संबंध येतो. मळीपासून आणि रसापासून होणारे इथेनॉल आता पेट्रोलात वीस टक्के असते. २०२५ साली हे मिश्रण देशभर पोचले. इथेनॉल नॉकिंगला चांगले तोंड देते आणि आत येणारी हवा थंड करते, हा त्याचा गुण. परंतु एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलाच्या दोन-तृतीयांशच ऊर्जा असते, म्हणून वीस टक्के मिश्रणाच्या लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी मिळते आणि इंजेक्टरांना अधिक इंधन सोडावे लागते. २०२३ पूर्वीच्या अनेक गाड्या या मिश्रणासाठी बनवलेल्या नाहीत. त्यांच्या रबरी नळ्या आणि सील आधी तपासावेत, ताकदीचा विचार नंतर करावा.

कायद्याकडेही दुर्लक्ष करून चालणार नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणीपत्रातले तपशील उत्पादकाने ठरवलेल्यापेक्षा वेगळे होतील, असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत हेच ठासून सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला प्रत्येकी पाच हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे १८९ व्या कलमाखाली निराळा गुन्हा आहे. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल भरपाईच्या वेळी आड येऊ शकतो. कामगाराला दंडापेक्षा ही शेवटची गोष्ट अधिक महाग पडते. म्हणून गॅरेजात पैसे देण्यापूर्वी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारून घ्यावे, आणि उत्तर लेखी घ्यावे. तोंडी आश्वासनाची किंमत आम्ही चळवळीत पुरेशी मोजली आहे.

आणि रस्ता कोणाचा, हेही पाहिले पाहिजे. २०२१ च्या पावसाळ्यात गडाचा रस्ता खचला, तेव्हा त्या एका वाटेवर किती जणांचे जगणे टांगलेले आहे हे सर्वांनी पाहिले. दूध, शाळेची पोरे, बाळंतीण, सगळे तिथूनच जाते. ज्याला खरोखर शर्यत करायची आहे, त्याने बंदिस्त मैदानावर जावे. एकाच जातीच्या गाड्यांच्या शर्यतीत सर्वांना सारखे इंजिन देतात. तेथे जिंकतो तो ब्रेक केव्हा दाबावा हे जाणणारा. हे शिक्षण कोणत्याही टर्बोपेक्षा स्वस्त आहे.

आता त्या कागदाचे काय झाले, ते सांगून पुरे करतो. तिसऱ्या रविवारी आम्ही त्या टर्नरला म्हणालो, "हा क्रम तूच कागदावर मांड, आणि प्रत्येकापुढे रक्कम लिही." त्याने लिहिले. कॉम्प्रेशनची तपासणी केली, तेव्हा एका सिलिंडरची झडप गळत होती. टर्बो बसवला असता, तर ते इंजिन वर्षभरही टिकले नसते, हे त्याने स्वतःच सांगितले. झडपेचे काम, कूलंट, चार टायर, पॅड आणि ब्रेक ऑइल मिळून खर्च पन्नास हजारांच्या आत बसला. तेवढ्या रकमेचा नवा अर्ज त्याने केला आणि आम्ही त्यावर सही केली.

परवा तो बायकोला घेऊन गडावर आला होता. आम्ही विचारले, "काय रे, पिकअप कसा आहे?" तो म्हणाला, "आण्णा, टर्बोचं बघू पुढं. पर आता घाटातनं उतरताना ही डोळं मिटून घेत न्हाई." ती हसली. आम्हीही हसलो, आणि त्याला हप्ता वेळेवर भरायला सांगितले.